सावड मागायची नसते

सायवनजवळचा पाडा,
रविवार, २२ जून २०२५

प्राजक्ताबाईंस चिमणचा रामराम.

आधी घरचं विचारतो. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? एरंडाचं पान कोमट करून बांधायला सांगितलं होतं, ते बांधलं की नुसतं उशाशी ठेवलंय? मुकेशभाऊंची पाळी बदलली का? रुचिकाचा खोकला गेला का? तिला म्हणावं, बर्फाचा गोळा तू तलासरीत खाल्लास तरी आज्याला इथं कळतं. आणि तुम्ही? तुमचं विचारायचं राहून जातं, कारण तुम्ही मधेच दुसऱ्याचं काढता. इकडं रखमीचं पित्त जरा बरं आहे. बकरी व्याली, दोन पिल्लं आहेत. माझं काय, जुनं खोड, कुऱ्हाड बोथट होईल पण तुटायचं नाही.

बुधवारी तुम्ही प्रशिक्षणाला गेलात. जाताना म्हणालात, "चिमणबाबा, पाच दिवस शाळेत बसाल का? नुसतं कुलूप उघडायचं, पोरं सांभाळायची. खिचडी जिजा शिजवते." बाई, एवढं अवघडून कशाला विचारलंत? मागच्या आवणीत रखमी तापानं पडली होती, भाताची रोपं उपटून बांधावर सुकत होती, तेव्हा तुम्ही शनिवारी शाळा सोडून थेट चिखलात उतरलात. चिंचणीच्या किनाऱ्यावरची पोर तुम्ही, वाळूत चालायची सवय, तरी चार वाफे लावलेत. ती आमच्याकडं सावड झाली. तुमच्या दर्यावर काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्याकडं असं असतं: आज तू माझ्या शेतात राबलास, उद्या मी तुझ्या. पण एक आहे, सावड मागायची नसते. ज्याच्यावर दिवस निघतो त्यानं आपण होऊन यायचं. मागितली की ती मजुरी झाली. तेव्हा मी तुमचा दिवस फेडतोय, पाचच्या पाच घ्या.

पहिलीचं नवं पुस्तक बघितलं. चित्रं झकास आहेत. तुमची ती हस्तपुस्तिका पण चाळली. त्यात लिहिलंय, मुलाला उत्तर सांगू नका, शोधू द्या. मला हसू आलं. मी तसाच शिकलो की! चिंचणीहून बोंबील यायचे ते रद्दी कागदात, त्या कागदावर मी अक्षरं शोधली. अर्धी बातमी माझ्या पुडीवर, उरलेली अर्धी शेजारच्या काकड्याच्या. अजून मला कितीतरी गोष्टींचा शेवट ठाऊक नाही.

फोन करायचा तर टेकडी चढावी लागते, आणि अर्धं बोलणं वाराच खातो. म्हणून नविनच्या जीपमधून पत्र धाडतोय. तो सोमवारी नि गुरुवारी तलासरीला येतो. त्याच्याच हाती उत्तर द्या.

तुमचा,
चिमण


तलासरी,
२ जुलै २०२५

ती. चिमणबाबा आणि रखमीआई यांस नमस्कार.

पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. पान खरंच उशाशी होतं! त्या म्हणाल्या, "हा म्हातारा तिकडून बघतो की काय?" आता बांधलंय. रुचिकानं गोळा खाल्ला होता, तिनं लगेच कबूल केलं. मुकेश बरे आहेत.

बाबा, एक अडचण झाली. प्रशिक्षण संपलं, पण शेवटच्या दिवशी तालुक्याच्या साहेबांनी मला सुलभक म्हणून निवडलं. म्हणजे आता मी बाकीच्या शिक्षकांना नवा अभ्यासक्रम शिकवायचा. माणसं कमी आहेत, नवीन पुस्तकं आली आहेत, आणि कुणाला काही नीट उमगलेलं नाही. महिनाभराचा प्रश्न आहे असं म्हणाले. मी एकटीच शिक्षिका आहे, शाळा कोण बघेल, असं विचारलं. ते म्हणाले, गावात कुणी नाही का? माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं.

हस्तपुस्तिकेच्या शेवटी बघा, गावातल्या जाणत्या माणसाला 'स्थानिक तज्ज्ञ' म्हणून बोलवावं, असं लिहिलं आहे. ते तुम्ही. तेव्हा तुम्ही बसता त्यात वावगं काही नाही.

नविनबरोबर तक्ते पाठवत आहे. पुस्तकात प्रत्येक धड्याखाली ठिपक्यांचा चौकोन आहे, तो मोबाइलनं उघडतो आणि गाणी लागतात. तिथं रेंज नाही, तेव्हा गाणी तुम्हीच म्हणा.

आवणीला मी येणारच. कुणाचा दिवस कुणावर निघतो ते चिखलातच ठरवू.

आपली,
प्राजक्ता


पाडा,
रविवार, २७ जुलै

प्राजक्ताबाईंस रामराम.

घरचे सगळे खुशाल असतील. आवणी झाली. तुमच्या नावाच्या रोपांच्या चार जुड्या रखमीनं बांधावर वेगळ्या ठेवल्या होत्या. दुपार कलली तेव्हा तिनंच लावून टाकल्या. बोलण्याच्या ओघात आलं म्हणून लिहिलं, मनाला लावून घेऊ नका.

तो ठिपक्यांचा चौकोन आम्ही सगळ्यांनी बघितला. पोरांना वाटलं रांगोळी आहे. पाड्यावरचा बाबल्या दारात उभा होता, त्यानं पुस्तक उलटसुलट केलं नि म्हणाला, "ही किल्ली हाय रे. पण कुलूप दुसऱ्याच गावात ठेवलंय." मी म्हटलं, मग आपण भिंत फोडू. आणि दहा पानं गाऊनच उरकली.

हस्तपुस्तिका म्हणते पोरांना परिसरात न्या. आमचा परिसर म्हणजे चिखल. तेविसच्या तेवीस पोरं शेतावर नेली. पहिलीतल्या सहा जणांना म्हटलं, जुड्या मोजा, दहा झाल्या की एक ढीग. बाई, हाल्याची ठकी! जूनभर जिनं तोंड उघडलं नव्हतं, लोक म्हणत होते पोर मुकी की काय, तिनं चिखलात उभं राहून चार ढीग केले, आणि वरच्या तीन जुड्या हातात धरून म्हणाली, "आज्या, हे घर न झालेले." मी चिखलातच बसलो. दहाचा ढीग म्हणजे तिच्या लेखी घर; चाळीस नि तीन तिला कुणी सांगितले नव्हते. ते तिनं शोधले.

हाल्याला सांगितलं तर म्हणतो, "मोजायला शिकून काय करंल? दिवाळी झाली की भट्टीवर जायचं. तिथं विटा मोजायला मुकादम हाय." मी म्हटलं, पोरीला म्हातारीपाशी ठेव, नेऊ नको. म्हणाला, "बाई असत्या तर ठेवली असती. शाळा उघडी राहील का बंद होईल, याचा काय भरवसा?" मी म्हटलं, बाई येणार आहेत.

आणखी एक गंमत. रखमी जिजाला भाजी निवडायला मदत म्हणून येते नि पहिलीच्या पोरांमागं जाऊन बसते. मी विचारलं, इथं काय करतेस? तर म्हणाली, "बसायला पण हजेरी लागते का?"

महिना झाला. पुढचं काय ते कळवा.

चिमण


तलासरी,
१७ ऑगस्ट २०२५

ती. बाबा, नमस्कार.

आवणीला आले नाही, त्याबद्दल काय लिहू? त्या आठवड्यात अकरा शाळांचे शिक्षक होते, आणि सासूबाई घसरून पडल्या. आता चालतात.

सात तारखेला साहेबांच्या भेटीसाठी मी आले, तेव्हा तुमच्याशी चार शब्द बोलायलाही मिळालं नाही. मी तर बघतच राहिले बाबा. पानांची वर्गवारी काय, बियांची मोजणी काय, ठकीचं ते धीटपणे बोलणं! मी तीन वर्षांत जे करू शकले नाही, ते तुम्ही सात आठवड्यांत केलंत. साहेब परत येताना गाडीत सारखं तेच बोलत होते. त्यांनी ठकीचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आहे. आता आपली शाळा 'नमुना शाळा' म्हणून दाखवायची आहे.

त्यामुळं माझं काम दिवाळीपर्यंत वाढलं. शाळा एवढी चांगली चालते म्हणजे बाई पक्क्या, त्यांनी इतरांना शिकवायलाच हवं, असं साहेबांचं म्हणणं.

मला मनातून फार धाकधूक होती. साहेबांनी तुम्हाला विचारलं, "काही अडचण?" तेव्हा मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही हसून म्हणालात, "काय अडचण नाही साहेब." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुम्हाला तिथं बरं वाटतंय, एवढं कळलं तरी मला पुरे.

आपली,
प्राजक्ता


पाडा,
रविवार, १४ सप्टेंबर

प्राजक्ताबाईंस रामराम.

सासूबाई पडल्या हे वाचून रखमी हळहळली. तिनं नागलीचं पीठ पाठवलंय, त्यांना आंबील करून द्या. हाडाला चांगलं.

साहेबांना काय सांगायचं होतं? पाहुणा दारात आला की त्याला छपराचं भोक दाखवतात का? त्याला पाट देतात.

बाई, नांगराचा बैल माहीत आहे ना? जो बसतो त्याला लोक विचारतात, काय झालं रे बाबा, चारा घालतात, वैद्य बोलवतात. जो चालतोय त्याला कुणी विचारत नाही. चालतोय ना, मग अजून चार तास फिरवा. असो. उगाच आठवलं.

पोरं मजेत. चौथीची पोरं पहिलीला शिकवतात, मी मधे बसतो. फक्त दुसरी-तिसरीचं गणित मला जड जातं. भागाकार मी बोंबलाच्या कागदावर शिकलो नव्हतो. त्यांचं नुकसान होतंय, ते कळतं मला. तुम्ही आलात की तेवढं आधी घ्या.

मला या महिन्यात एका कामाला डहाणूला जायचं होतं, दोन दिवसांचं. पण शाळा कुणाच्या भरवशावर टाकू? एक दिवस कुलूप दिसलं की लोक म्हणतील, बघा, झालं बंद. पुढं बघू, काही घाई नाही.

हाल्यानं शेवटी ऐकलं. दिवाळीनंतर भट्टीवर जाईल, पण ठकीला म्हातारीपाशी ठेवणार. त्याचं बघून तुक्यानं पण दोन्ही पोरं ठेवायचं कबूल केलं. मी त्यांना शब्द दिलाय, दिवाळी झाली की बाई येणार.

अक्षर मोठं आलंय. कागदाला रेघा नाहीत, म्हणून हात फाकला.

चिमण


तलासरी,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा, नमस्कार.

आधी चांगलं सांगते. तुमचं अक्षर किती मोकळं, किती मोठं झालंय! फळ्यावर लिहून लिहून हात बसला तुमचा. मी ते पत्र प्रशिक्षणात सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, सत्तरीतला माणूस पहिलीच्या पोरांसाठी अक्षर बदलतो, आणि आपण तक्रारी करतो.

आता वाईट. माझं काम एप्रिलपर्यंत वाढलं. मी साहेबांकडं गेले, म्हटलं, माझी शाळा मला परत द्या. ते म्हणाले, "मॅडम, तुमची शाळा उत्तम चाललीय. ज्या शाळा बुडतायत तिथं द्यायला माणूस नाही माझ्याकडं, चालत्या शाळेत कुठून देऊ?" मी म्हटलं, तिथं शिक्षिका म्हणून कुणीच नाही. ते म्हणाले, "कागदावर तुम्ही आहात ना?"

बाबा, मी रात्रंदिवस विचार केला. तुम्हाला राग येईल, तरी लिहिते. नोव्हेंबरात साहेब पुन्हा येणार आहेत, मुलांची चाचणी घ्यायला. त्या दिवशी मुलांनी काही सांगितलं नाही तर? एकदाच. शाळा एकदा बुडालेली दिसली, की माणूस मिळेल. कदाचित मलाच परत पाठवतील. तुम्ही मुलांना सांगा, गप्प बसा.

तुमचा शब्द माझ्यामुळं मोडू नये, एवढंच वाटतं.

आपली,
प्राजक्ता


पाडा,
रविवार, २३ नोव्हेंबर

प्राजक्ताबाईंस रामराम.

दिवाळी झाली. पाडा अर्धा रिकामा झाला. हाल्या गेला, तुक्या गेला. जीपमध्ये बसताना हाल्या म्हणाला, "आज्या, तुझ्या बोलण्यावर ठेवून चाललोय पोरीला." बारा पोरं म्हाताऱ्यांपाशी राहिली. आधी कुठल्याच वर्षी इतकी राहिली नव्हती.

तुमचं पत्र मी तीनदा ऐक— तीनदा वाचलं. राग नाही आला. मलाही तो एकच दरवाजा दिसत होता.

तर मंगळवारी साहेब आले. सोमवारी मी पोरांना गोल बसवलं. म्हटलं, उद्या एक खेळ आहे. साहेब काही विचारतील, कुणी बोलायचं नाही. जो बोलेल तो हरला. पोरं खूश. खेळ म्हटलं की त्यांना काय.

साहेबांनी पहिल्यांदा चौथीला विचारलं. गप्प. तिसरीला विचारलं. गप्प. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी वर कौलाकडं बघितलं. मग त्यांनी मूठभर चिंचोके काढले नि ठकीपुढं ठेवले. त्यांना व्हिडिओतली पोर आठवत होती. म्हणाले, "तू तरी सांग बेटा. किती?"

ठकी उभी राहिली. ओठ असे घट्ट दाबलेले. बाई, तिनं मोजले होते. साहेबांचा हात बाजूला व्हायच्या आधीच मोजून झाले होते. आणि ती बोलेना. मग तिच्या नाकातून श्वासाचा आवाज यायला लागला, आणि मला कळलं, पोर रडतेय. उत्तर तोंडात धरून रडतेय.

जून महिनाभर जी पोर मुकी होती, तिला मी बोलतं केलं, आणि मीच सांगत होतो, पुन्हा मुकी हो.

मी म्हटलं, "सांग पोरी. खेळ संपला."

"सत्तावीस!" म्हणाली, आणि मग सगळी पोरं एकदम बोलायला लागली. साहेबांनी विचारलं नव्हतं ते पण सांगून टाकलं. जाताना साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आधी मुलं लाजली वाटतं. पण काय तयारी आहे!" शेरेपुस्तकात तसंच लिहून गेले.

तेव्हा शाळा काही बुडाली नाही. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही, दुसरं काही असेल तर सांगा. आमचं बरं आहे. तुम्ही जीवाला त्रास करून घेऊ नका.

चिमण


पाडा,
३ डिसेंबर

बाई,

मी रखमी. हे पत्र मी लिहिते. माझं पहिलं पत्र आहे. तीन दिवस लागले. त्यांना माहीत नाही. जिजानं दोन शब्द सांगितले, बाकी माझे.

त्यांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोती आहे. पावसाळ्यात कळलं. डहाणूच्या दवाखान्यानं सप्टेंबरची तारीख दिली, गेले नाहीत. नोव्हेंबरची दिली, गेले नाहीत. म्हणतात, मी गेलो तर शाळेला कुलूप लागेल.

पोरं ते आवाजानं ओळखतात. पुस्तक त्यांना पाठ आहे. तुमची पत्रं चौथीची पोर वाचून दाखवते. त्यांचं अक्षर मोठं झालं ते हौसेनं नाही. त्यांना लहान दिसत नाही.

आता तारीख १६ डिसेंबर आहे. डॉक्टर म्हणाला, अजून थांबलात तर आमच्या हातात नाही.

ते मागणार नाहीत. सावड मागायची नसते म्हणतात. सहा महिने तुमची वाट बघतात. जीप आली की टेकाडावर जाऊन उभे राहतात. दिसत नाही तरी उभे राहतात.

मी पहिलीच्या पोरांमागं बसून शिकले. तुमच्या नव्या पुस्तकात आहे, ज्याला कळत नाही त्यानं विचारावं, विचारणाऱ्याला शाबासकी द्यावी. मग मी विचारते. तुम्ही माझ्या शेतात एक दिवस आलात. ते तुमच्या शाळेत किती दिवस आले, मोजा. मला शंभराच्या पुढं येत नाही.

आमचा दिवस द्या.

रखमी


तलासरी,
९ डिसेंबर २०२५

रखमीआई,

पत्र वाचलं. शाबासकी कशी देऊ, मला तोंड नाही. तुमचा कागद उशाशी ठेवला आहे.

मी पंधरा ते एकोणीस तारखेपर्यंत रजा टाकली. माझ्याच शाळेत जायला मी रजा काढली आहे, साहेबांना घरगुती कारण सांगितलं. शाळा मी बघेन. सोळा तारखेला तुम्ही दोघं डहाणूला जा, नविनला मी सांगितलं आहे, तो दवाखान्याच्या दारात सोडेल.

आणि हे बाबांना वाचून दाखवा. लपवून ठेवण्यात आता काही राहिलं नाही.

बाबा, माझ्या लेखी आदेशात आठवड्याचे दोनच दिवस तलासरी आहे. उरलेले चार दिवस मी आपल्या शाळेत असायला हवी. पण साहेबांनी तोंडी सांगितलं, इथंच बसा, माहिती भरायची आहे. सकाळी मी शिक्षकांना सांगते, मुलांना खेळातून शिकवा. दुपारी कॉम्प्युटरपुढं बसून साऱ्या तालुक्यातल्या मुलांचे नंबर भरते. तोंडी आदेशाला सही नसते. उद्या कुणी विचारलं, तर चार दिवस गैरहजर मी आहे.

मी जुलैतच अडून बसायला हवं होतं. नाही बसले. घर दोन पावलांवर होतं, सासूबाई पडल्या होत्या, आणि तुम्ही म्हणत होतात, काय अडचण नाही. मला ते खरं मानायला सोयीचं होतं.

प्राजक्ता


पाडा,
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्राजक्तास चिमणचा आशीर्वाद.

आजवर बाई म्हटलं, तुम्ही म्हटलं. आता एक डोळा उघडलाय, त्या डोळ्याला तू आमची पोरच दिसतेस, म्हणून तू म्हणतो. सासूबाईंना, मुकेशभाऊंना, रुचिकाला विचारलंय म्हणून सांग. दुसरा डोळा फेब्रुवारीत करतील.

पट्टी काढून शाळेत गेलो, तर पहिल्यांदा काय दिसलं सांगू? फळ्याची कड. फळा तू पुसून गेली होतीस, पण वरच्या कोपऱ्यात तुझा हात पोचला नव्हता. तिथं मी लिहिलेलं राहिलं होतं. एका ओळीवर दुसरी, तिच्यावर तिसरी. नुसती पांढरी जाळी. महिनोन् महिने मी असं लिहीत होतो, आणि एकही पोर बोललं नाही, आज्या, वाचता येत नाही. मी विचारलं, का रे सांगितलं नाही? ठकी म्हणाली, "तू म्हणालास, शोधा. आम्ही शोधत होतो."

तू पाच दिवस आलीस. दुसरी-तिसरीचा भागाकार त्या पाच दिवसांत जेवढा झाला, तेवढा माझ्याच्यानं पाच वर्षांत झाला नसता. तू गेलीस त्या दिवशी पोरं जीपमागं ओढ्यापर्यंत पळाली. तुझा दिवस पोचला, त्याचं काही बाकी नाही. रखमीवर मी आधी रागावलो, मागितलंस कशाला म्हणून. ती म्हणाली, "तुमची सावड तुमच्यापाशी. मी पहिलीत आहे."

तुझं कबुलीचं पत्र आता माझ्या डोळ्यानं वाचलं. तुला बोल लावत नाही. तू म्हणालीस, अडून बसायला हवं होतं. मी तरी कुठं बसलो? साहेब दोनदा येऊन गेले. माझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं होतं? मी पाट देत बसलो. आपण दोघंही चालते बैल.

आता नीट ऐक. सोळा तारखेला साहेब मोठ्या साहेबांना घेऊन येणार, नमुना शाळा दाखवायला. भेट झाली की शेरेपुस्तक सगळ्यांपुढं फिरतं. गावातर्फे दोन ओळी मला लिहायला सांगणार, तसा निरोप आलाय. मी ओळी मनात जुळवल्या आहेत. या शाळेत जूनपासून शिकवायला बाई नाहीत. मी चिमण, शाळेत न गेलेला माणूस. पोरं हुशार आहेत, त्यांना शिक्षक द्या.

एवढं लिहिलं की कुणाला नाही म्हणता येणार नाही. पण मग ते तुझा कागद काढतील. दोन दिवस तिकडं, चार दिवस इकडं. आणि ते चार दिवस तू कुठं होतीस, याची सही तुझ्यापाशी नाही. ज्यानं बसवून ठेवलं तो हात झटकेल, आणि तू अडकशील. तुझं घर त्या पगारावर आहे.

नाही लिहिलं, तर एप्रिलपर्यंत असंच, आणि मग पुढच्या जूनला दुसरी-तिसरीचीही नवी पुस्तकं येतील, ती शिकवायला पुन्हा तुलाच ठेवून घेतील. हाल्यानं भट्टीवरून निरोप धाडलाय, होळीला येतो, तोवर बाई नसल्या तर पोरीला घेऊन जातो. त्याला मी दिवाळी सांगितली होती, मग नाताळ सांगितला. आता सांगायला सण उरला नाही.

लिहिलं तर तू, नाही लिहिलं तर ठकी. आणि पेन माझ्या हातात. अक्षर शिकलो तेव्हा वाटलं होतं, लिहिता आलं की माणूस मोकळा होतो.

तुला विचारल्यावाचून मी काही लिहिणार नाही. सावड मागायची नसते, म्हणून मागत नाही, विचारतो. पोरी, लिहू का?

नविन पंधरा तारखेच्या गुरुवारी यायचा, त्यानंतर वेळ नाही. त्याच्या हाती उत्तर धाड, विसरू नको. हो किंवा नाही, एकच शब्द चालेल. बारीक लिहिलास तरी चालेल, मला आता दिसतं.

तुझा,
चिमणबाबा